विमानाचं मॉडेल चंदेरी रंगवलं, तरी ते धातूचं का दिसत नाही?

स्वयंपाकघरात जा आणि ओट्यावर तीन वस्तू शेजारी शेजारी ठेवा. रोजच्या वापरातलं ॲल्युमिनियमचं पातेलं, स्टीलचा डबा आणि पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा एक तुकडा. तिन्हींचा रंग कोणता असं विचारलं तर आपण ‘चंदेरी’ म्हणून मोकळे होऊ. पण नीट पाहिलं तर पातेलं पांढुरकं आणि मंद आहे, डबा किंचित निळसर आहे, आणि फॉइलमध्ये खोलीतला उजेड तुकड्या-तुकड्यांनी परत दिसतो आहे. आता या तिन्ही वस्तूंना एकाच डब्यातला चंदेरी रंग मारला तर काय होईल? तिन्ही सारख्या दिसतील, आणि तिन्ही रंगवलेल्या दिसतील.

प्लास्टिकची विमानं जोडण्याचा छंद असलेल्यांना हा अनुभव कधी ना कधी येतोच. किट छान जोडलेलं असतं, चंदेरी रंगाचा हातही नीट बसलेला असतो, आणि तरीही समोर जे उभं राहतं ते विमान नसतं, खेळणं असतं. हिरव्या-तपकिरी छलावरणाच्या रंगात लढाऊ विमान रंगवणं त्यामानाने सोपं. मंद रंग सांध्यातल्या चुका पोटात घालतो. बिनरंगी धातूचं विमान मात्र महिनाभराच्या कामातली प्रत्येक हयगय चारचौघांत दाखवतं. म्हणूनच अनेक जण हौसेने आणलेलं मस्टँग किंवा सेबर वर्षानुवर्षं खोक्यातच ठेवतात.

डब्यातला रंग कुठे कमी पडतो?

साध्या चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे बारीक चपटे कण तरंगत असतात. एकेक कण २०-३० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दोन-तीन शतांश भागाएवढा असू शकतो. दाराच्या कडीला हा रंग लावला तर कण दिसायचं कारणच नाही. पण मॉडेल १/७२ मापाचं असेल तर त्यावरची प्रत्येक गोष्ट मनातल्या मनात ७२ पट मोठी करून बघावी लागते. ३० मायक्रॉनचा कण खऱ्या विमानावर दोन मिलिमीटरहून मोठा झाला असता. कुठल्याही विमानाचा पत्रा असा रवाळ नसतो. डोळ्याला कण वेगळा दिसत नाही, पण पृष्ठभाग खरखरीत आहे एवढं बरोबर कळतं.

हाच हिशेब बाकीच्या गोष्टींनाही लावून बघा. सँडपेपरचा ०.०५ मिलिमीटर रुंदीचा ओरखडा म्हणजे खऱ्या विमानावर साडेतीन मिलिमीटरची चर. रंग ओला असताना बसलेला धुळीचा एक कण म्हणजे हरभऱ्याएवढा खडा. आणि बोटाच्या ठशातल्या रेषांमधलं अंतर साधारण अर्धा मिलिमीटर असतं. ते पंखावर उमटलं की साडेतीन सेंटीमीटर अंतराने नांगरलेलं शेत तयार. माझ्या एका मिगच्या पंखावर असा अंगठा कायमचा उमटला आहे, त्यामुळे हा आकडा मला तोंडपाठ आहे.

दुसरी अडचण अशी की कण ब्रशने ओढल्यावर आडवेतिडवे बसतात. धातूचा पत्रा उजेड एका ठरावीक दिशेने परत पाठवतो. वेडेवाकडे पडलेले कण तो चहूकडे उधळतात. मॉडेल हातात फिरवताना पत्र्यावर जी चकाकी सरकायला हवी ती सरकत नाही, सगळीकडून एकसारखं राखाडी-चंदेरी दिसतं. धातू ओळखायची खूण रंगापेक्षा या सरकत्या चकाकीत जास्त असते.

खरं विमान कितपत ‘बिनरंगी’ होतं?

रंगाच्या दुकानात जायच्या आधी हा प्रश्न सोडवायला हवा, आणि माझ्या मते निम्मी मॉडेलं इथेच फसतात.

शुद्ध ॲल्युमिनियम विमानासाठी फार मऊ. त्यात तांबं वगैरे मिसळून केलेलं ड्युरॲल्युमिन मजबूत असतं, पण ते गंजतं. यावर १९२०च्या दशकात अमेरिकेत तोडगा निघाला तो ‘अल्क्लॅड’चा: मधे मजबूत मिश्रधातूचा पत्रा आणि दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर, जाडीच्या फार तर पाच टक्के. वरच्या शुद्ध थरावर हवेने लगेच ऑक्साइडचा पारदर्शक पापुद्रा धरतो आणि तोच संरक्षण करतो. असा पत्रा न रंगवता वापरता येतो.

दुसऱ्या महायुद्धात १९४३ संपता संपता अमेरिकी हवाई दलाने बहुतेक लढाऊ आणि बॉम्बफेकी विमानांना छलावरणाचा रंग देणं थांबवलं. आकाशात आपलीच सत्ता असेल तर लपायचं कशाला, असा विचार त्यामागे होता. रंग गेला की वजन कमी होतं आणि कारखान्यातला वेळही वाचतो. त्यानंतरची चंदेरी पी-५१ मस्टँग विमानं आपण सिनेमात आणि छायाचित्रांत पाहतो.

पण याच मस्टँगचे पंख चंदेरी असले तरी उघड्या धातूचे नव्हते! मस्टँगच्या पंखाचा आकार असा होता की त्यावरून हवा शक्य तितकी सुरळीत, न ढवळता वाहावी. रिव्हेटचं डोकं किंवा पत्र्यांमधली फटही त्यात अडथळा. म्हणून कारखान्यात पंखाच्या पुढच्या सुमारे ४० टक्के भागातले सांधे आणि रिव्हेट पुट्टीने बुजवत, घासून सपाट करत, प्रायमर देत आणि पंखावर ॲल्युमिनियमच्या रंगाचं लॅकर मारत. विमानाचं धड उघडं, पंख रंगवलेले. शेपटीवरचं सुकाणू कापडाचं, त्यामुळे तिथेही चंदेरी रंगच. म्हणजे मस्टँगचं मॉडेल आरपार आरशासारखं चकाकवलं तर ते चूक ठरतं. धड धातूचं दिसायला हवं, पंख मंद चंदेरी रंगाचे दिसायला हवेत, आणि किटमधल्या पंखावर कोरलेल्या रिव्हेटच्या रांगा पुढच्या भागात चक्क बुजवायला हव्यात. किट बनवणाऱ्याने हौसेने कोरलेलं काम आपण पुट्टीने भरायचं, हे जिवावर येतं. पण खऱ्या कारखान्यातही हेच चाललं होतं.

इथे अजून एक सापळा आहे. आज हवाई प्रदर्शनांत उडणारी जुनी मस्टँग विमानं त्यांच्या मालकांनी पॉलिश करून करून आरसा केलेली असतात. १९४४ सालच्या इंग्लंडमधल्या चिखलाच्या धावपट्टीवरचं विमान तसं नव्हतं; ते आपल्या पातेल्याच्या जास्त जवळचं होतं. चौकात चौथऱ्यावर उभ्या केलेल्या विमानांवरही विसंबू नका. ऊन-पावसात टिकावीत म्हणून त्यांना मागाहून चंदेरी रंग फासलेला असतो. त्या काळची कृष्णधवल छायाचित्रंच जास्त खरं बोलतात; कुठला पत्रा शेजारच्यापेक्षा गडद, ते त्यांत चटकन कळतं.

महाराष्ट्रातल्या मॉडेल करणाऱ्यांना जवळचं उदाहरण म्हणजे नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झालेलं मिग-२१ एफएल. सुरुवातीची वर्षं ही विमानं चंदेरी दिमाखात उडत. १९७१च्या युद्धाच्या सुमारास त्यातल्या अनेकांवर छलावरणाचे रंग चढले. चंदेरी मिगवरही सगळंच चंदेरी नसतं. रडारच्या लहरी धातूतून जात नाहीत, म्हणून नाकातला टोकदार शंकू धातूचा नाही, तो सहसा हिरव्या रंगाचा असतो. शेपटीच्या टोकालाही तसाच हिरवा तुकडा. चाकांच्या तबकड्याही हिरव्या. हे चार हिरवे ठिपके नीट आले की भोवतालची चंदेरी एकदम धातू वाटायला लागते, कारण डोळ्याला तुलनेला काहीतरी मिळतं.

रंगाच्या आधीचं काम

चंदेरी थर इतका पातळ असतो की तो काही म्हणजे काही झाकत नाही. सांधे पुट्टीने भरल्यावर ४०० नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात करून ८००, १२००, २००० असं चढत जायचं, दर वेळी पाणी लावून. आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा हातात घ्यायचा नाही. इथे घाई केली तर ८००चा ओरखडा शेवटपर्यंत सोबत करतो. मग राखाडी प्रायमरचा हलका थर. प्रायमर म्हणजे तपासनीस आहे असं समजा. प्लास्टिकवर न दिसलेली फट तो लगेच दाखवतो. पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं. गॅरेजमध्ये गाडीच्या डेंटिंग-पेंटिंगचं काम ज्याने पाहिलं आहे त्याला यात नवीन काही नाही, फक्त गाडी तळहाताएवढी आहे. १/७२ मापातल्या मस्टँगचे पंख टोकापासून टोकापर्यंत जेमतेम पावणेसोळा सेंटीमीटर भरतात.

यानंतर मॉडेलला उघडा हात लावायचा नाही. बोटांचं तेल राहिलं की रंग तिथून सुटतो. सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, पातळ हातमोजे घालूनच पुढचं काम.

चंदेरीच्या खाली काळा कशाला?

धातूसारखे दिसणारे खास रंग मिळतात. ‘अल्क्लॅड टू’ हे त्यातलं जुनं नाव (पत्र्यावरूनच घेतलेलं), शिवाय जपानी ‘मिस्टर कलर’चे सुपर मेटॅलिक रंग, पाण्यात मिसळणारे ‘व्हॅलेहो मेटल कलर’ वगैरे. यांतले कण साध्या चंदेरीपेक्षा कितीतरी बारीक असतात. ते एअरब्रशने, १२ ते १५ पीएसआय इतक्या कमी दाबाने, जवळून आणि अगदी विरळ थरांत मारायचे. ओला थर बसला की कण तरंगून एका बाजूला गोळा होतात. थर पडता पडता वाळला तर ते पालथे, एकमेकांवर कौलांसारखे बसतात.

अल्क्लॅडच्या चकचकीत छटांसाठी खाली चकचकीत काळा थर सांगितला जातो. नवशिक्याला हे उलटं वाटतं. कारण असं की हा पातळ थर पूर्ण अपारदर्शक नसतो. कणांच्या फटींतून थोडा उजेड खाली जातो. खाली राखाडी किंवा पांढरा असेल तर तो उजेड परत येतो आणि चंदेरी दुधाळ दिसते. काळा तो गिळून टाकतो. मग वर येतं ते फक्त धातूच्या कणांवरचं प्रतिबिंब. आणि काळा चकचकीत का, तर कणांना बसायला सपाट जमीन हवी म्हणून. काळ्या थरात आरशासारखं प्रतिबिंब दिसत नसेल तर चंदेरीतही दिसणार नाही.

हा काळा थर पूर्ण कडक व्हायला हवा. हाताला कोरडा लागणं वेगळं आणि आतून वाळणं वेगळं. इनॅमल रंग असेल तर दोन-तीन दिवस तरी ठेवाच. माझ्या अंगठ्याची गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळची आहे.

कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात लॅकरच्या वाटेला जाऊ नये. लॅकरमधलं थिनर भराभर उडतं, त्याने पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी रंगावर धरतं. काळ्यावर पांढुरकी साय आल्यासारखी दिसते. गाडी रंगवणारे या कारणाने पावसाळ्यात काम टाळतात किंवा वेगळं थिनर वापरतात. आणि मास्कबद्दल: कापडी मास्क लॅकरच्या वाफा अडवत नाही. वाफा शोषणारी कार्ट्रिज असलेला मास्क घ्या आणि खिडकीशी बसा.

पत्र्यागणिक वेगळी छटा

विमान एका पत्र्याचं नसतं. शेजारशेजारचे दोन पत्रे वेगळ्या जाडीचे असतात, लाटताना त्यांची दिशा वेगळी ठेवलेली असते, एखादा स्टीलचा असतो, एखादा परवाच बदललेला असतो. मॉडेलवर हे आणायला आधी सगळीकडे एक मूळ छटा मारायची, मग मास्किंग टेपने काही पॅनेल वेगळी काढून त्यांवर जरा गडद किंवा जरा उजळ छटा. इथे सगळ्यांत जास्त भीती टेपची. टेप काढताना खालचा रंग सोबत घेऊन येते आणि पोटात गोळा येतो. टेप आधी दोन-चारदा जीन्सच्या कापडावर चिकटवून तिची ताकद मारायची आणि काढताना ती स्वतःवरच दुमडत, हळूहळू सोलायची.

छटांमधला फरक किती ठेवायचा? मनाला वाटतो त्याच्या निम्मा. नाहीतर विमान गोधडीसारखं दिसतं. मी दर तीन-चार पॅनेलांतलं एकच बदलतो, आणि तेही छायाचित्रात दिसत असेल तर.

जेट इंजिनाच्या मागचा भाग मात्र वेगळा. अमेरिकेच्या एफ-१०० सुपर सेबरचा मागचा भाग उष्णतेने पार रंगलेला असे: पिवळट, तपकिरी, जांभळा, निळा. तापलेल्या धातूवर ऑक्साइडचा थर जाड होत जातो आणि जाडीप्रमाणे प्रकाशाचे वेगवेगळे रंग परत येतात. जुन्या मोटारसायकलच्या सायलेन्सरचा पाइप इंजिनापाशी वळतो तिथे हाच रंगक्रम असतो. एखादी बुलेट उभी दिसली की वाकून बघा. मॉडेलवर हे पारदर्शक पिवळ्या, तपकिरी आणि निळ्या रंगांचे जवळजवळ अदृश्य फवारे एकमेकांत मिसळून आणता येतं.

एअरब्रश नसेल तर?

तर ती स्वयंपाकघरातली फॉइल. हा मार्ग कष्टाचा आहे, पण निकाल बघितला की मला तोच सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण धातू दाखवायला यात धातूच वापरलेला असतो. शिवाय इथे तो ७२ पटीचा हिशेब कधी नव्हे तो आपल्या बाजूने लागतो. ११ मायक्रॉनची फॉइल ७२ पट केली की ०.८ मिलिमीटर होते, आणि खऱ्या विमानांवर ०.८ मिलिमीटरचा पत्रा सर्रास वापरला जातो!

फॉइलची एक बाजू चकचकीत आणि एक मंद असते. कारखान्यात शेवटच्या लाटणीला दोन फॉइल एकत्र लाटतात. ज्या बाजू एकमेकींना टेकतात त्या मंद राहतात. म्हणजे दोन छटा फुकट मिळाल्या. लाटण्याच्या बारीक रेषाही एका दिशेने असतात. एका पॅनेलवर तुकडा उभा आणि शेजारी आडवा लावला की उजेड दोन्हींवर वेगळा पडतो, अगदी खऱ्या पत्र्यासारखा. आणखी गडद छटा हवी असेल तर फॉइल बोअरच्या जड पाण्यात उकळा; कुकर आतून काळवंडतो तशी ती करडी पडते.

फॉइलच्या मागे खास चिकटद्रव्याचा अगदी पातळ हात द्यायचा, ते चिकचिकीत झालं की पॅनेलपेक्षा थोडा मोठा तुकडा ठेवायचा, मधून कडेकडे कापसाच्या काडीने दाबत जायचं आणि पॅनेलच्या कोरीव रेषेत नवं कोरं पातं चालवून उरलेलं सोलून घ्यायचं. पातं जरा बोथट झालं की फॉइल फाटते. आधीच चिकट असलेली ‘बेअर-मेटल फॉइल’ही मिळते, ती आणखी पातळ आणि मऊ आहे, पण महाग पडते. सपाट पंखांवर काम झरझर होतं. नाकाची गोलाई, पंखांची टोकं, अशा दोन्ही दिशांनी वळणाऱ्या जागी मात्र सुरकुत्या पडतात, आणि तिथे छोटे तुकडे किंवा मुकाट्याने रंग.

शेवटच्या पायरीवर घात

चंदेरी थर उत्तम बसल्यावर त्यावर संरक्षणासाठी सरसकट वार्निश मारायची सवय असते. धातूवर तो मोह आवरा. वार्निशचा थर कणांवर बसतो आणि चकाकी उतरते. धातूचा पुन्हा रंग होतो. चिन्हांची डेकल चकचकीत पृष्ठभागावर थेट बसतात. खरखरीत जागी त्यांच्या खाली हवेचे बुडबुडे राहून फिकट डाग दिसतो, म्हणून कडेचा पारदर्शक पापुद्रा कापून घ्यावा.

पॅनेलच्या रेषांत काळा रंग भरण्याची फॅशन आहे. उघड्या धातूवर ती मला तरी सहन होत नाही. खऱ्या विमानाचे पत्रे घट्ट बसलेले असतात, लांबून रेष जेमतेम दिसते. मधल्या राखाडीचा अगदी पातळ ओघळ, तोही फक्त उघडझाप होणाऱ्या झाकणांभोवती, पुरेसा होतो. मस्टँगच्या बुजवलेल्या पंखावर तर तेवढाही नको.

तयार विमान उचलताना ते चाकांच्या खोबणीत बोट घालून उचला आणि काचेच्या कपाटात ठेवा. घामाचे डाग लॅकरवर आणि फॉइलवर दोन्हीकडे पडतात, आणि पाहुण्यांची लहान मुलं सर्वांत आधी चंदेरी विमानालाच हात लावतात.